एका वहीचे रसग्रहण

संपादकांचे पत्र श्रावणात आले. वर्षभरातल्या एखाद्या लक्षणीय पुस्तकावर सविस्तर लिहावे, अशी त्यांची इच्छा होती. मी कपाटापुढे जाऊन उभा राहिलो. कादंबऱ्या होत्या, दोन-तीन कवितासंग्रह होते, एक जाडजूड आत्मचरित्र होते. वाचली होती सगळी. पण दिवाळीच्या दिवसांत घरातल्या लहानथोरांपुढे ठेवावे असे त्यांतल्या एकाबद्दलही माझ्याजवळ काही नव्हते. तेव्हा मी संपादकांना कळवले की, गेल्या काही वर्षांत ज्या ग्रंथाने मला वाचक म्हणून सर्वांत अधिक शिकवले तो छापलेलाच नाही. त्याला प्रकाशक नाही, प्रस्तावना नाही, किंमत नाही. ती दोनशे पानांची एक फुलस्केप वही आहे. पुठ्ठ्यावर निळ्या शाईने 'कॉम्प्युटर' एवढा एकच शब्द लिहिलेला आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ग्रामपंचायतीच्या टेबलाच्या खणात ती असते. संपादकांनी उदारपणे होकार दिला. पुढील लेख विक्षिप्त वाटला तर तो दोष माझा समजावा; संपादकांचा नव्हे आणि त्या वहीचा तर मुळीच नव्हे.

वहीचा साहित्यप्रकार कोणता, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञा, हे आता शाळेतले पोरही सांगते. पण यंत्राला आज्ञा दिल्या म्हणजे काम संपत नाही. ते यंत्र ज्याच्यापुढे येऊन बसणार त्या माणसालाही काही सांगावे लागते: हे कसे चालवायचे, कोणते बटण केव्हा दाबायचे, अडले तर काय करायचे. या सांगण्याला त्या व्यवसायातले लोक डॉक्युमेंटेशन म्हणतात. मराठीत कोणी त्याला दस्तऐवजीकरण म्हणतात. पण त्या शब्दाला कचेरीतल्या धुळीचा वास येतो. मी त्याला साधे 'सूचनालेखन' म्हणणार आहे. हे लेखन कोणी वाङ्मयात धरत नाही. परीक्षणे त्याची होत नाहीत, पुरस्कार त्याला मिळत नाहीत. आणि तरीही आजच्या घटकेला महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाच्या पोटापाण्याशी ज्या गद्याचा सर्वांत निकटचा संबंध आहे, ते गद्य हेच होय. कादंबरी वाईट निघाली तर आपण ती मिटून ठेवतो. सूचना वाईट निघाली तर म्हातारी रेशनच्या दुकानावरून रिकाम्या पिशवीने परत येते.

हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. ती म्हातारी माझी फुई होती.

* * *

आत्याला आमच्या खानदेशात फुई म्हणतात. माझी फुई वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीही निंदणीला जात असे. २०१८ च्या पावसाळ्यात मी तिला भेटायला गेलो, तेव्हा ती ओट्यावर हात पसरून बसली होती. मला पाहताच म्हणाली, "मना आंगठा उठस नही, भाऊ. आते काय करू?" आयुष्यभर विळा आणि खुरपे धरून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. दुकानातल्या यंत्रावर ती अंगठा ठेवी, यंत्र लाल दिवा दाखवी, आणि दुकानदार म्हणे, उद्या या. असे तीनदा झाले होते. दुकानदार दुष्ट होता असे मला म्हणायचे नाही. यंत्राने त्याला जेवढे सांगितले तेवढेच तो तिला सांगत होता.

ज्या क्रमांकावर हा सारा कारभार चालतो, त्या बारा आकडी क्रमांकाचे देशातले पहिले वाटप आमच्याच जिल्ह्यात झाले, हे वाचकांना आठवत असेल. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली या गावी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या दिवशी टेंभलीचे नाव देशभर झाले. नंदुरबार जिल्हाही तेव्हा तसा कोवळाच होता. १ जुलै १९९८ रोजी तो धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात आदिवासी शेकडा ६९, आणि साक्षरता शेकडा ६४ च्या घरात. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा बोली येथे नांदतात. प्रमाण मराठी ही पुष्कळांची शाळेत गेल्यावर भेटलेली भाषा आहे. अशा जिल्ह्यात देशातले सर्वांत नवे यंत्र सर्वांत आधी आले. यंत्रामागोमाग ते समजावून सांगणारे गद्य किती आले, हा टीकाकाराने विचारायचा प्रश्न आहे.

आणि येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. अंगठा जुळला नाही तर काय करायचे, हे वर कोणी ठरवलेच नव्हते असे नाही. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी आधार प्राधिकरणाने एक परिपत्रक काढले होते. आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्या कारणाने कोणालाही धान्य नाकारू नये, अशा माणसाची वेगळी नोंद करून त्याला त्याचा वाटा द्यावा, असा त्याचा आशय होता. म्हणजे फुईच्या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले होते; ती दुकानावरून परत फिरू लागण्याच्या कितीतरी महिने आधी लिहिलेले होते. ते दिल्लीहून निघाले आणि फुईच्या दुकानापर्यंत पोहोचले नाही. लिहिणे झाले होते, सांगणे झाले नव्हते.

मी फुईला घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. तेथे संगणक परिचालक म्हणून एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती. रेशन हे काही तिचे काम नव्हे. पण गावात कॉम्प्युटरपुढे बसणारी ती एकटी. तेव्हा यंत्राने केलेल्या प्रत्येक अपमानाची तक्रार तिच्याकडे येई. तिने फुईचे दोन्ही हात हातात घेऊन पाहिले, खण उघडला, वही काढली, आणि बोट ठेवून मला एक पान दाखवले.

* * *

ते पान मी त्यानंतर इतक्या वेळा वाचले आहे की मला ते पाठ झाले आहे. त्यावर असे लिहिले होते:

'अंगठा उठत नसेल तर. हात साध्या पाण्याने धुऊन पुसायला सांगा. घाई करू नका. मग दुसरी बोटे लावून बघा, दहाही. म्हाताऱ्यांचे मधले बोट बरे उठते. तरी नाही झाले तर मोबाइल नंबर जोडला आहे का विचारा. मोबाइल नसेल तर दुकानदाराला सांगा की नोंदवहीत लिहून धान्य द्यायचे असते, तसा कागद आहे, त्याची झेरॉक्स या वहीच्या शेवटी लावली आहे, ती दाखवा. माणसाला रिकामे परत पाठवू नये.'

शेवटच्या पानाला टाचणीने लावलेली ती झेरॉक्स आम्ही दुकानात नेली. फुईला त्या दिवशी धान्य मिळाले.

आता मी टीकाकाराच्या कामाला लागतो. या उताऱ्यात वाङ्मयीन गुण कोणते? पहिला गुण असा की, लिहिणारीला आपला वाचक दिसतो आहे. तिचा वाचक म्हणजे अंगठा ठेवणारा माणूस नव्हे. उद्या तिच्या जागी येऊन बसणारा परिचालक होय. पण त्या वाचकाच्या मागे दुसरा एक माणूस उभा आहे, हे ती क्षणभरही विसरत नाही. 'घाई करू नका' हे शब्द पहिल्यासाठी आहेत आणि दुसऱ्याच्या बाजूने आहेत. एकाच वाक्यात दोन माणसांची काळजी वाहणारे गद्य आपल्या नामवंत कथाकारांनाही नेहमी साधत नाही.

दुसरा गुण क्रमाचा. पाणी, बोटे, मोबाइल, नोंदवही: सोप्याकडून कठीणाकडे आणि फुकटाकडून खटपटीकडे अशी ही चढण आहे. सूचनालेखनात क्रम हेच कथानक असते. वाचणारा घाबरलेला असतो, समोर रांग असते, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. अशा वेळी कोणती गोष्ट आधी सांगायची, हे ज्याला कळते त्याला माणसाचे मन कळते.

तिसरा गुण शेवटच्या वाक्याचा. येथे सूचना संपते आणि तत्त्व सुरू होते. वरचे सगळे उपाय फसले तरी कशासाठी धडपडायचे आहे हे ते वाक्य सांगते. पुढे यंत्र बदलले, बटणे बदलली, कागद बदलला, तरी वाचणाऱ्याला त्या वाक्यावरून नवा उपाय स्वतः शोधता येईल.

आता याच्या शेजारी पडद्यावरचे गद्य ठेवा. अंगठा जुळला नाही की पडद्यावर अशा थाटाची वाक्ये येतात: 'प्रमाणीकरण अयशस्वी.' किंवा 'अवैध माहिती. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' कोणाचे प्रमाणीकरण? अयशस्वी कोण झाले, माणूस की यंत्र? या वाक्यात कर्ता नाही, आणि जेथे कर्ता नसतो तेथे दोष आपोआप समोरच्या दुबळ्या माणसाकडे घरंगळत जातो. फुई म्हणाली होती, 'मना आंगठा उठस नही.' यंत्राला तिचा अंगठा वाचता आला नाही, ही वस्तुस्थिती. पण वाक्याने तिला असे पटवले होते की खोट तिच्याच हातात आहे. ज्या हातांनी साठ वर्षे शेत निंदले त्या हातांत.

पुष्कळांना वाटते की ही अडचण संस्कृत शब्दांची आहे. हा वाद आपल्याकडे जुना आहे. १९६२ साली शासनाने पदनाम कोश काढला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले, आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. त्या हसण्यात तथ्य होते, पण अर्धेच. त्यातले कितीतरी शब्द आज आपण बिनदिक्कत वापरतो आणि ते आपल्याला कृत्रिम वाटत नाहीत. 'दाखल', 'रुजू', 'तहसील' हे शब्दही परमुलखातून आले आणि आमच्या फुईच्या तोंडी बसले. शब्द परका असला तरी सांगणारा जवळचा असला की तो रुळतो. 'प्रमाणीकरण अयशस्वी' याऐवजी 'अंगठा जुळला नाही' असे लिहिले तर मराठी सोपी होईल, हे खरे. पण 'आता दुसरे बोट लावून बघा' हे पुढचे वाक्य लिहिले नाही, तर त्या सोपेपणाचा फुईला काय उपयोग? उणीव शब्दांची कमी आहे. पुढच्या वाक्याची अधिक आहे.

* * *

सूचनालेखन हे काही आपल्याकडे संगणकाबरोबर आलेले नाही. वाचकांच्या स्वयंपाकघरात एक प्रत असेलच: कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. हे पुस्तक १९७० साली निघाले. पूर्वी सासूबाईंना विचारले तर उत्तर येई, 'घाल की अंदाजाने.' ज्याला अंदाज आहे त्याला विचारण्याची गरज नसते, आणि ज्याला विचारण्याची गरज असते त्याला अंदाज नसतो. कमलाबाईंनी तो अंदाज वाटीत आणि चमच्यात मोजून लिहिला. नव्याने संसार मांडलेली, माहेरापासून दूर गेलेली, शेजारीही अनोळखी असलेली एक मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर असली पाहिजे. एरवी इतके धीराने लिहिता येत नाही. जाणकाराला आपले पूर्वीचे अज्ञान आठवणे, ही या साहित्यप्रकाराची खरी प्रतिभा होय. ती दुर्मिळ असते. कारण शिकलेला माणूस सर्वांत आधी काय विसरतो, तर आपण अडाणी होतो ते.

संगणकाच्या क्षेत्रातही हे जाणणारे लोक होऊन गेले आहेत. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची संगणकप्रणाली घडवली. तिच्या सूचनापुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेचे पान ठरावीक मथळ्यांनी मांडलेले असे. त्या मथळ्यांत 'दोष' असा एक मथळा होता! ही आज्ञा कोठे चुकते, काय तिला जमत नाही, हे घडवणाऱ्यांनी स्वतःच तेथे लिहून ठेवावे, अशी ती रीत. आणि आणखी एक मथळा होता, 'मालक': हे कोणाचे काम, विचारायचे तर कोणाला. आपल्याकडे एखाद्या योजनेच्या माहितीपत्रकात 'दोष' असा परिच्छेद कधी पाहिला आहे काय? विकणारा दोष सांगत नाही. दोष तोच सांगतो ज्याला समोरचा माणूस अडकू नये असे वाटते.

आमच्या परिचालक मुलीने युनिक्सचे नाव ऐकले नसेल. तिने तालुक्याच्या गावी एमएससीआयटीचा अभ्यासक्रम केला होता. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने चालवलेल्या या अभ्यासक्रमातून राज्यातली लाखो मुले-मुली संगणकाशी परिचित झाली, ही लहान कामगिरी नव्हे. पण अभ्यासक्रम यंत्र शिकवतो; रांगेतला माणूस शिकवणे त्याच्या आवाक्यातले नाही. ते तिने वहीत लिहिले. आणि गंमत अशी की तिच्या वहीतही जागोजागी 'दोष' आहेत. 'हे बटण दाबले की भरलेले सगळे जाते. घाबरू नये, परत भरावे. माझे तीनदा गेले.' कोठे सबंध परिच्छेदावर आडवी रेघ आणि शेजारी, 'हे आता चालत नाही', पुढे तारीख. कोठे समासात पावरी बोलणाऱ्या बायांना हीच गोष्ट कशी सांगावी याची टिपणे.

* * *

आता माझा अपराध सांगतो.

पुढच्या वर्षी त्या मुलीचे लग्न ठरले. ती गाव सोडून जाणार होती. वही नव्या परिचालकासाठी ठेवायची, म्हणून तिने मला विचारले, "सर, तुम्ही एवढी वर्षे मराठी शिकवले. याची एक चांगली प्रत करून द्याल का?" मला आनंद झाला. पंधरा दिवस बसून मी सुवाच्य अक्षरात नवी वही लिहिली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. बोलीतले शब्द काढून प्रमाण घातले. खोडलेले परिच्छेद अर्थातच गाळले, आणि तारखाही गाळल्या. कारण त्या अस्ताव्यस्त दिसत. 'माझे तीनदा गेले' हे वाक्य मला अनुचित वाटले. मी ते काढले. आणि 'माणसाला रिकामे परत पाठवू नये' या वाक्याच्या जागी मी लिहिले: 'कोणत्याही लाभार्थ्यास लाभ नाकारण्यात येऊ नये.'

तिने माझी वही शांतपणे वाचली. मग म्हणाली, "सर, छान आहे. पण हे वाचून नवीन पोरगी घाबरेल. तिला वाटेल, ज्याने लिहिले त्याचे कधी चुकलेच नाही."

मी आयुष्यभर मुलांना रसग्रहण शिकवले. कवितेतला एक शब्द बदलला तर कविता कशी मरते, हे फळ्यावर लिहून दाखवले. आणि त्या वहीतला प्रत्येक जिवंत शब्द मी स्वतःच्या हाताने बदलून टाकला होता. 'माणूस' काढून मी 'लाभार्थी' बसवला होता. 'परत पाठवू नये' यात पाठवणारा कोणीतरी असतो. 'नाकारण्यात येऊ नये' यातून तो निसटतो. पडद्यावरच्या ज्या कर्ताहीन वाक्यावर मी रागावलो होतो, तेच वाक्य माझ्या लेखणीतून उतरले होते. ते यंत्राचे मराठी नव्हतेच. ते आमचे मराठी होते, शिकलेल्या माणसांचे. यंत्राने ते आमच्याकडून उचलले.

मला त्या वेळी एकनाथ महाराजांची आठवण झाली. ज्ञानेश्वरीच्या पाठात सुमारे तीनशे वर्षांत लेखकांच्या हातून पुष्कळ भेसळ झाली होती. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथ स्वतः मोठे कवी. पण ज्ञानेश्वरी शुद्ध करताना त्यांनी तिच्यात आपले कवित्व मिसळले नाही. दुसऱ्याचा ग्रंथ सांभाळायचा म्हणजे स्वतःचा हात आवरायचा. नवे लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे, आणि त्याची वाहवा कमी होते. सूचनालेखनाचे निम्मे आयुष्य असल्या सांभाळण्यातच जाते. यंत्र दर सहा महिन्यांनी बदलते; काल खरी असलेली सूचना आज खोटी होते, आणि खोटी सूचना ही नसलेल्या सूचनेपेक्षा घातक असते, कारण माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. मी ज्या तारखा गाळल्या त्या अस्ताव्यस्त नव्हत्या. कोणती ओळ किती जुनी आहे हे वाचणाऱ्याला सांगणारी ती एकमेव खूण होती.

माझी वही मी परत घेतली. ती आजही माझ्या कपाटात आहे, अतिशय सुवाच्य आणि पूर्णपणे निरुपयोगी.

* * *

येथवर वाचलेल्या कोणाला वाटेल की हा लेख एका गुणी मुलीचे कौतुक करून थांबणार. तसे थांबणे सोपे आहे, आणि मला ते अन्यायाचे वाटते. कौतुकाने आपण कर्ज फेडल्यासारखे होते. त्या मुलीला वही लिहिण्याचा पगार नव्हता. ती वही नसती तर काय झाले असते, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. आणि जेथे अशी मुलगी नाही त्या गावच्या फुईचे काय होते, हा त्याहून मोठा. एका माणसाच्या आस्थेवर शेकडो माणसांचे धान्य टांगलेले असेल, तर आस्थेची पूजा करण्याआधी त्या टांगणीची काळजी केली पाहिजे.

यासंबंधी चांद्रयानांच्या काळातली एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या अपोलो यानांतले सॉफ्टवेअर ज्यांच्या देखरेखीखाली लिहिले गेले त्या मार्गारेट हॅमिल्टन कधीकधी आपल्या लहान मुलीला प्रयोगशाळेत घेऊन येत. एकदा त्या पोरीने अंतराळवीराची नक्कल करत बटणे दाबली आणि प्रवासात असलेल्या यानाला, म्हणजे त्याच्या नकली प्रतिकृतीला, उड्डाणापूर्वीचा कार्यक्रम सुरू करायला लावला. सारे कोलमडले. हॅमिल्टन म्हणाल्या, खऱ्या उड्डाणातही असे होऊ शकेल. यंत्रालाच हे अडवायला शिकवू. वरिष्ठ म्हणाले, अंतराळवीर असली चूक करणार नाहीत. शेवटी सूचनापत्रात एक ओळ घालण्यात आली: उड्डाण चालू असताना हा कार्यक्रम निवडू नये. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राहून परतत असताना जिम लॉव्हेल यांच्या हातून नेमका तोच कार्यक्रम निवडला गेला आणि यानाच्या दिशेची माहिती पुसली गेली. ती पुन्हा भरून यान सुखरूप परतले. त्यानंतर मात्र यंत्राला ती चूक अडवायला शिकवण्याची परवानगी मिळाली. ही हकीकत हॅमिल्टन यांनीच सांगितली आहे.

मला या गोष्टीत सूचनालेखनाची मर्यादा दिसते. काळजी कागदावर लिहिता येते, पण जी काळजी यंत्रातच घालता येण्यासारखी आहे ती कागदावर ढकलणे म्हणजे चुकीचा भार माणसावर टाकणे. फुईच्या बाबतीत 'आता दुसरे बोट लावून बघा' आणि 'नाही जुळले तर नोंदवहीत लिहून धान्य द्या' ही दोन वाक्ये लाल दिव्याबरोबर पडद्यावर आली असती, तर वहीचे ते पान लागलेच नसते. जिल्ह्यातले प्रत्येक वहीचे पान हे यंत्र घडवणाऱ्यांना पाठवलेले एक पत्र असते. ते कोणी मागवून वाचत नाही, ही माझी तक्रार आहे. ग्रंथपरीक्षणाचा सुकाळ असलेल्या या महाराष्ट्रात निदान एवढे व्हावे की, सरकारी यंत्रासोबत येणारी प्रत्येक सूचना छापण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत: ही कोणाला उद्देशून लिहिली आहे? काय चुकू शकते हे हिने कबूल केले आहे का? आणि उद्या ही खोटी ठरली तर दुरुस्त कोण करणार, त्याचे नाव हिच्यावर आहे का? माझ्या परीक्षेत त्या वहीला पहिल्या दोहोंत पूर्ण गुण आहेत. तिसऱ्यात मात्र ती नापास होती, कारण लिहिणारी निघून गेली होती.

फुई दोन वर्षांपूर्वी वारली. गेल्या महिन्यात हा लेख लिहायला घेतला तेव्हा मूळ वही पुन्हा पाहावी म्हणून मी त्या गावी गेलो. नव्या परिचालक मुलीने खण उघडून ती काढून दिली. पुठ्ठ्याचे कोपरे झिजले होते, शिवण नव्या दोऱ्याने घातलेली होती. मी अंगठ्याचे पान काढले. जुन्या निळ्या अक्षरांतल्या मोबाइलच्या ओळीवर एक रेघ होती. तिच्या खाली वेगळ्या, थोड्या तिरप्या अक्षरात नवी ओळ लिहिलेली होती, पुढे तारीख, आणि तारखेपुढे लिहिणारीचे नाव. शेवटच्या वाक्याला कोणी हात लावलेला नव्हता.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वह्या पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात. मी व्यापारी नाही, माझ्या घरी कधी वहीपूजन झाले नाही. यंदा पाटावर काय ठेवायचे ते मी ठरवले आहे. त्या मुलीने मला त्या एका पानाची झेरॉक्स काढून दिली आहे.